मिनीव्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेळेआधी जाऊ नये म्हणून काय करायचं, आणि त्रास द्यायला लागला तर आधी काय बघायचं

फॅमिली मिनीव्हॅनवाल्यांची एक कॉमन तक्रार असते की इंजिन अजून मस्त आहे, बॉडी चांगली आहे, एसी गार करतोय आणि दीड लाख किलोमीटरच्या आतच गिअरबॉक्स गेला. त्याचं बिल कधीकधी जुन्या व्हॅनच्या किमतीलाच जाऊन भिडतं आणि मग चांगली चालती गाडी भंगारात जाते, हे बघून खरंच वाईट वाटतं. यातले बरेचसे गिअरबॉक्स वाचू शकतात असं माझं ठाम मत आहे, कारण ते एका दिवसात जात नाहीत, उष्णतेने आणि गिअरबॉक्सच्या खराब ऑइलने (इंजिनच्या नव्हे) हळूहळू झिजतात आणि जायच्या आधी बऱ्यापैकी इशारे देतात. काही मॉडेल्स मात्र डिझाइनमधेच कच्ची होती, तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही, त्याबद्दलही लिहितो.

आधी हे समजून घ्या की मिनीव्हॅनमधेच हा त्रास जास्त का जाणवतो. रिकामी व्हॅनच जवळपास दोन टनाची असते, त्यात सात-आठ माणसं, सामान, टपावर कॅरिअर, मागे कधीतरी ट्रेलर. आणि एवढं सगळं ओढणारा गिअरबॉक्स बऱ्याचदा त्याच कंपनीच्या सेडानमधल्या गिअरबॉक्सचाच भाऊ असतो, कारण दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच केसमधे. बॉनेटखाली जागा इतकी कमी की गरम हवा बाहेर पडायला वाव नसतो. वर वापर कसा, तर शाळेत सोडा, थांबा, आणा, सिग्नल, परत थांबा. अशा थांबत-चालत वापरात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, म्हणजे त्याच्या दोन बाजू थेट जोडल्या जात नाहीत, तो ऑइल घुसळत राहतो आणि त्या घुसळण्यात जाणारी ताकद उष्णता बनून ऑइलमधेच जाते.

ऑइलचं तापमान साधारण ८० ते ९५ डिग्री सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर ते दीर्घकाळ टिकतं. या धंद्यातला एक जुना ठोकताळा आहे की त्याच्या वर दर १०-११ डिग्रीला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ठोकताळाच आहे, पण दिशा बरोबर आहे. १२०च्या वर ऑइल झपाट्याने काळं पडतं, त्याच्याही बरंच वर गेलं की रबरी सील कडक होतात, क्लच प्लेटवरचं अस्तर जळतं, सीलमधून प्रेशर गळतं, प्रेशर कमी म्हणून क्लच घसरतो, घसरला की आणखी उष्णता, असं चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही.

डिझाइनच्या चुकांची दोन उदाहरणं देतो, दोन्ही अमेरिकेतली आणि जगजाहीर आहेत. क्रायस्लरने १९८९च्या मॉडेल्समधे ए६०४ नावाचा चार स्पीडचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा गिअरबॉक्स आणला, तो त्यांच्या मिनीव्हॅनमधे बसायचा. सुरुवातीच्या युनिट्समधे अडचणी होत्याच, पण त्यात भर पडली चुकीच्या ऑइलची, त्याला कंपनीचं स्वतःचं स्पेसिफिकेशन लागायचं आणि बाहेर सर्रास डेक्स्रॉन (दुसऱ्या स्पेसिफिकेशनचं गिअरबॉक्स ऑइल) ओतलं जायचं, मग गाडी थरथरायची आणि लोक म्हणायचे गिअरबॉक्स गेला. दुसरं उदाहरण होंडा ओडिसी. १९९९ ते २००४ची ओडिसी गिअरबॉक्ससाठी बदनाम आहे, आणि एप्रिल २००४ मधे होंडाने २००२ ते २००४च्या ओडिसीसकट काही मॉडेल्सच्या सुमारे ११ लाख गाड्या रिकॉल केल्या. कारण असं की ठराविक परिस्थितीत सेकंड गिअरला पुरेसं ऑइल पोचत नव्हतं, तो तापायचा, दात तुटू शकायचे आणि गिअरबॉक्स चालत्या गाडीत लॉक व्हायचा धोका होता. कमी चाललेल्या गाड्यांना ऑइलचा जेट (गिअरवर ऑइल सोडणारं बारीक तोंड) जोडून दिला जायचा, साधारण २४ हजार किलोमीटरच्या वर चाललेल्यांचा सेकंड गिअर आधी बघितला जायचा की त्याचा रंग बदललाय का. तापलेल्या स्टीलचा रंग बदलतो, तोच पुरावा. म्हणून जुनी व्हॅन असेल तर पहिलं काम हे करा की १७ अक्षरी चॅसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासा. अमेरिकेत एनएचटीएसएच्या (तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या) साइटवर हे फुकट होतं, बाकी ठिकाणी कंपनीला किंवा डीलरला विचारा.

ऑइल तपासणं

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण तपासायची पद्धत गाडीगणिक वेगळी आहे आणि इथेच लोक घोळ घालतात. गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी) असलेल्या बऱ्याच गाड्यांमधे इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना, पार्कमधे लेव्हल बघतात. डिपस्टिकवाल्या होंडात मात्र गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. उलटं केलंत तर लेव्हल चुकीची दिसणार आणि तुम्ही नको तिथे ऑइल ओतणार. कमी ऑइल वाईट हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्त ऑइलही तितकंच वाईट, फिरणारे भाग ते फेटतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेने प्रेशर तयार होत नाही. म्हणून मॅन्युअलमधलं ते पान एकदा नीट वाचा. बऱ्याच नवीन व्हॅनना डिपस्टिकच नसते, खाली ओव्हरफ्लोचा नट असतो आणि ऑइल ठराविक तापमानाला असतानाच तो उघडून लेव्हल बघायची असते. त्याला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) आणि गाडी चारी बाजूंनी सपाट उचलणं लागतं, ते घरी जमत नसेल तर गॅरेजमधे करून घ्या, पण करून घ्या.

आता ऑइल कसं बघायचं. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिशू पेपरवर टेकवा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या. चांगलं ऑइल पसरतं आणि डाग सगळीकडे सारखा लालसर राहतो. जुनं झालेलं ऑइल तपकिरी दिसतं, तरी पसरतं, म्हणजे बदलायची वेळ झाली एवढंच. पण डाग मधेच काळा गोळा होऊन बसला, कडेला फक्त फिकट कडं आलं आणि वास जळकट आला तर क्लचचं अस्तर सुटून ऑइलमधे आलंय. थेंब बोटांत चोळून बघा, कचकच लागायला नको. आणि ऑइल गुलाबी दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच उभी करा, चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करा. त्याचा अर्थ रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटलाय आणि कूलंट गिअरबॉक्समधे गेलंय, ते क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं आणि थोडं जरी चालवलं तरी अख्खा गिअरबॉक्स जातो.

ऑइल बदलणं

"लाइफटाइम ऑइल" या शब्दावर विश्वास ठेवू नका. मॅन्युअलमधे नॉर्मल आणि सीव्हिअर (कठीण वापराचं) असे दोन शेड्यूल असतात, आणि लोड घेऊन चढ, ट्रेलर, सततचं थांबत-चालत ड्रायव्हिंग, खूप गरम हवा हे सगळं सीव्हिअरमधे मोडतं. मिनीव्हॅनचा रोजचा वापर बघितला तर ती बऱ्याचदा सीव्हिअरवालीच आहे. माझा सल्ला ५० ते ६० हजार किलोमीटरला ऑइल बदलायचा, मॅन्युअलमधे त्याहून लवकर सांगितलं असेल तर ते पाळा.

एक गोष्ट लक्षात घ्या, ड्रेन नट उघडला की सगळं ऑइल निघत नाही. समजा एकूण ८ लिटर आहे आणि ३ निघालं, बाकीचं ५ लिटर कन्व्हर्टरमधे आणि पाइपांमधेच राहतं. म्हणजे एकदा बदलून ३७-३८ टक्केच नवीन झालं, दुसऱ्यांदा केलं की ६१, तिसऱ्यांदा केलं की ७५च्या वर. म्हणून जुनी गाडी हातात आली की थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा ड्रेन-फिल (ऑइल काढून परत भरणं) करायचं, मधे काही दिवस चालवायची. मशीनने प्रेशर देऊन फ्लश करण्यापेक्षा मला हे जास्त बरं वाटतं, वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या गिअरबॉक्समधे तर नक्कीच, कारण फ्लशने साचलेली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचं प्रेशर हवं तिकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमधे अडकू शकते.

"जुनं ऑइल बदललं आणि आठवड्यात गिअरबॉक्स गेला" हेही तुम्ही ऐकलं असेल. खोटं नाही, पण त्यातले बहुतेक आधीच घसरायला लागलेले असतात आणि म्हणूनच मालक ऑइल बदलायला आलेला असतो. ऑइल जळकं काळं आहे आणि गिअर घसरतोय अशी दोन्ही लक्षणं असतील तर ऑइल बदलून तो वाचेल ही आशा ठेवू नका, मेकॅनिकशी तसं स्पष्ट बोलूनच बदला.

ड्रेन नटाच्या टोकाला बहुतेक वेळा लोहचुंबक असतो किंवा पॅनमधे गोल चकतीचा चुंबक असतो, तो पुसायच्या आधी निरखून बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज, घाबरायचं कारण नाही. बोटाने पुसल्यावर सुईसारखे तुकडे, चकाकते पापुद्रे, एखाद्या दाताचा कोपरा असं काही हाताला लागलं तर आतमधे धातू तुटतोय. पॅनच्या तळाशी काळा भुसा भरपूर असेल तर क्लचचं अस्तर संपत आलंय. फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला कामाला येतो. नटाचा वॉशर नवीन टाका, आणि जेवढं ऑइल निघालं तेवढंच मोजून भरा, मग लेव्हल बघा.

आणि ऑइल तेच घाला जे मॅन्युअलमधे लिहिलंय. होंडाला आधी झेड१ होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू१. नंतरच्या क्रायस्लरना एटीएफ+४ (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). टोयोटाच्या जुन्या सिएनाला टी-४, नंतरच्यांना डब्ल्यूएस. निसानच्या सीव्हीटीवाल्या (ठराविक गिअर नसलेल्या, बेल्टवर चालणाऱ्या गिअरबॉक्सच्या) क्वेस्टला सीव्हीटीचंच ऑइल, साधं एटीएफ त्यात चालतच नाही, आतल्या धातूच्या बेल्टची पकड ऑइलवर अवलंबून असते. प्रत्येक ऑइलमधे घर्षणाचे केमिकल वेगवेगळे असतात आणि कॉम्प्युटर त्या घर्षणाचा हिशोब धरूनच क्लच लावतो-सोडतो. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी अशा नाजूक गिअरबॉक्समधे मी तो घालायला सांगणार नाही.

गार ठेवणं

रेडिएटर साफ ठेवा, समोरची जाळी किडे-पाला-माती यांनी भरलेली नसावी, फॅन फिरतायत का बघा. ट्रेलर ओढत असाल किंवा फुल लोडमधे चढाचे रस्ते वारंवार असतील तर वेगळा ऑइल कूलर बसवणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. तो रेडिएटरमधल्या कूलरनंतर लाइनीत जोडायचा, म्हणजे आधी रेडिएटरमधे उष्णता निघते आणि मग उरलेली हवेत. काही जण रेडिएटर पूर्ण बायपास करतात, त्यात कूलंट मिसळायची भीती संपते पण खूप थंड प्रदेशात ऑइल गरम व्हायला फार वेळ लागतो आणि तेही गिअरबॉक्सला चांगलं नाही. व्हॅन बरीच जुनी असेल आणि रेडिएटर मूळचाच असेल तर तो फुटायची वाट न बघता बदला, रेडिएटर गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. शक्य असेल तर ओबीडीमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटमधून) ऑइलचं तापमान दाखवणारं छोटं स्कॅनर लावा, लांबच्या चढावर आकडा चढताना दिसला की आपोआप वेग कमी होतो.

चालवायच्या सवयींबद्दल थोडक्यात. रिव्हर्समधून ड्राइव्हमधे टाकताना गाडी पूर्ण थांबू द्या, मागे घरंगळत असताना डी टाकणं म्हणजे क्लचने ब्रेक मारणं. चढावर गिअरबॉक्स दोन गिअरच्या मधे सारखा वर-खाली करत असेल तर खालचा गिअर लावून ठेवा किंवा ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा, इंजिनचा आवाज वाढेल पण गिअरबॉक्स गार राहील. उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून वजन हँडब्रेकवर येऊ द्या आणि मग पी टाका, नाहीतर अख्खी व्हॅन आतल्या एका छोट्या खिट्टीवर लटकते. आणि बंद पडलेली व्हॅन पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद, चाकं फिरतायत आणि आत ऑइल जात नाहीये. पुढची चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवरच.

लक्षणं दिसली तर लगेच "गेला" म्हणू नका

हा भाग जरा सावकाश वाचा कारण इथे पैसे वाचतात. डी किंवा आर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धप्प करून गाडी लागते, हे कमी ऑइलमुळेही होतं, कडक झालेल्या सीलमुळेही. आधी लेव्हल बघा, मग खाली वाकून बघा की ड्राइव्ह शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथल्या सीलमधून, कूलरच्या रबरी होजमधून, पॅनच्या कडेने लाल ऑइल गळतंय का. झटका बसतोय तर इंजिन माउंट तुटलंय का तेही बघा: माउंट गेलं की गिअर लागताना सगळं इंजिन उसळतं आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर येतो.

६० ते ८० च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते हे फार कॉमन. याला दोन मुख्य कारणं, कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच नाहीतर इंजिनचं मिसफायर (एखाद्या सिलिंडरमधे इंधन नीट न पेटणं). ओळखायचं असं, मोकळा रस्ता आहे आणि मागे कोणी नाही हे बघून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला नुसता डावा पाय टेकवा, ब्रेक लाइट लागेल इतपतच. ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि आरपीएम थोडं वर गेलं तर कन्व्हर्टर, थरथर तशीच राहिली तर प्लग, कॉइल बघा. कन्व्हर्टरची थरथर सुरुवातीची असेल तर बऱ्याचदा योग्य ऑइलच्या दोन-तीन ड्रेन-फिलने जाते, म्हणून लवकर लक्ष द्या.

गाडी एकाच गिअरमधे अडकून चालतेय, वेगच घेत नाही, तर ती बहुधा लिंप मोडमधे आहे. कॉम्प्युटरला काहीतरी गडबड दिसली म्हणून त्याने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकच गिअर धरून ठेवलाय, क्रायस्लरच्या जुन्या व्हॅन सेकंडमधे धरतात. ओडिसीत डीचा दिवा लुकलुकतो. आता कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचेच. पी०७०० नुसता सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, त्याच्यावर काही ठरवू नका, खोलवर वाचणारा स्कॅनर लावा. पी०७१५ आणि पी०७२० इनपुट-आउटपुट स्पीड सेन्सरचे, सेन्सर बाहेरून बदलतो आणि काम छोटं असतं. पी०७५० सारखे सोलेनॉइडचे (ऑइलची वाट उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह), त्यात वायर आणि कनेक्टर आधी तपासा, पिनांवर ऑइल किंवा गंज असतो. पी०७४० लॉक-अपच्या सर्किटचा. पी०७३० गिअर रेशो चुकतोय म्हणजे क्लच खरंच घसरत असू शकतो, हा गंभीर. कोड पुसायच्या आधी लिहून ठेवा, आणि बॅटरी कमजोर असेल तर आधी ती बदला, कमी व्होल्टेजवर या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सचं वागणं विचित्र होतं. ज्या गॅरेजवाल्याने ऑइल न बघता, कोड न वाचता, चालवून न बघता "पूर्ण बदलावा लागेल" सांगितलं तिथून गाडी उचला आणि दुसरीकडे दाखवा.

खरंच गेला असेल तर

तीन पर्याय असतात. भंगारातल्या गाडीचा वापरलेला गिअरबॉक्स, तुमचाच उघडून रिपेअर, किंवा कारखान्यात नव्याने बांधलेला. वापरलेला सगळ्यात स्वस्त, पण ज्या मॉडेलचा गिअरबॉक्स मुळातच कच्चा त्याच मॉडेलचा जुना आणून बसवणं म्हणजे तीच कटकट उधारीवर घेणं, गाडी अजून दोनेक वर्षंच ठेवायची असेल तरच. रिपेअर करणारा चांगला असेल तर तो पर्याय उत्तम, फक्त त्याला विचारा की त्या मॉडेलचा ठरलेला कमजोर भाग सुधारित आवृत्तीचा टाकणार का, टॉर्क कन्व्हर्टर बदलणार का, सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीचं काय करणार, आणि वॉरंटी किती महिने व किती किलोमीटर, त्यात मजुरी धरली आहे का. लेखी घ्या. उत्तरं देताना टाळाटाळ केली तर समजून जा.

जुनी व्हॅन विकत घेत असाल तर रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी स्वतः सुरू करून बघा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. आर आणि डी दोन्ही लगेच लागले पाहिजेत. मग अर्धा तास चालवून पूर्ण गरम करून परत तेच बघा, कारण काही दोष फक्त थंड असताना दिसतात आणि काही फक्त गरम. स्कॅनरवर रेडीनेस मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) "अपूर्ण" दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसले असण्याची दाट शक्यता आहे, काय पुसलं ते विचारा.

आणि गिअरबॉक्स नवीन बसवलात तर एक गोष्ट बिलात लिहून घ्यायला विसरू नका, जुना कूलर आणि त्याच्या लाइनी नीट फ्लश करणे किंवा कूलर बदलणे. जुना तुटताना धातूची जी बारीक पूड झाली ती कूलरच्या बारीक नळ्यांमधे बसलेली असते आणि पहिल्याच दिवशी ती नव्या गिअरबॉक्समधे जाते. लाइनीत छोटा चुंबकवाला फिल्टर टाकून घेतलात तर आणखी चांगलं. त्यानंतर ज्या गाड्यांना लागतं तिथे स्कॅनरने शिफ्टचं लर्निंग (कॉम्प्युटरला नव्या गिअरबॉक्सशी जुळवून घेणं) करून घ्या, पहिले काही दिवस गिअर जरा कडक लागले तर घाबरू नका, आणि पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरनंतर लेव्हल आणि गळती परत एकदा बघा.